वेळापत्रक कोणाच्या हातात?

(महिला संघटना व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कालपासून आपण हिंसाचार, पोटगी, रेशन, रोजगार हमी अशा विषयांवर बोलतो आहोत. त्यात मी पर्यटन केंद्रातल्या वेळापत्रकाचा विषय घेऊन उभी राहणार म्हटल्यावर चहाच्या वेळी एकीने मला विचारलेच, "अगं, ही हॉटेलवाल्यांची कामं. आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. म्हणून आधी संबंध काय ते सांगते, मग माझी चूक सांगते, आणि शेवटी आम्ही काय केले ते.

मी अकोले तालुक्यात काम करते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा हा सह्याद्रीला टेकलेला भाग. भंडारदरा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई ही नावे तुम्हाला माहीत आहेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वस्त्या, भात-नागली-वरईची शेती. मेअखेरीपासून जूनपर्यंत इथल्या झाडांवर काजवे चमकतात. ते पाहायला मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्यांच्या रांगा लागतात. जुलैत भातलावणी बघायला, श्रावणात धबधब्यांना, थंडीत हुरड्याला. आता पाहुण्याला नुसती खोली आणि जेवण नको असते. त्याला 'अनुभव' हवा असतो. जाते ओढायचे, भाकरी थापायची, गाईचे दूध काढायचे, चिखलात उतरायचे. आमच्याकडची केंद्रे हा अनुभव विकतात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर यात आणखी लोक उतरले.

अशा एका केंद्राचा कार्यक्रमाचा कागद मी सोबत आणला आहे. वाचून दाखवते. "शनिवार. ११ वाजता आगमन व औक्षण. ११.३० जात्यावरचे दळण आणि चुलीवरची भाकरी. ५ वाजता रानभाज्यांची ओळख. ८ पासून शेकोटी व लोकगीते. रविवार. ६ वाजता दूध काढणे. ८ वाजता भातलावणीचा अनुभव."

आता सांगा, यातली कोणती ओळ बाईशिवाय होते? औक्षण बाई करते. दळण, भाकरी, रानभाजी, गाणे, धार, लावणी, सगळीकडे बाई. पण कागदावर तिचे नाव नाही. वेळ आहे, जागा आहे, पाहुण्यांची संख्या आहे. करणारी मात्र कुठेच नाही.

आणि हा कागद, मैत्रिणींनो, मीच तयार केलेला आहे.

झाले असे, की त्या केंद्राचे मालक माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, तुमच्या गटातल्या बायकांना काम देतो. पण आमचा गोंधळ उडतो. चाळीस पाहुणे एकदम जात्यावर येतात. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा आखून द्या." मी एम.एस.डब्ल्यू. झाले त्याला बारा वर्षे झाली. कार्यक्रमाचे नियोजन हा आम्हाला एक अख्खा विषय होता. मला आनंदच झाला. बायकांना गावातच काम मिळणार, स्थलांतर थांबणार. मी दोन संध्याकाळी बसून रंगीत खडूंनी मोठा तक्ता काढला.

त्यातली युक्ती अशी होती. जाती दोनच, चुली तीन, बैलगाडी एक. चाळीस माणसांना एकदम काही करता येत नाही. म्हणून दहा-दहाचे चार गट पाडायचे. एक गट जात्यावर, एक चुलीशी, एक गाडीत, एक गोठ्यात. चाळीस मिनिटे झाली की घंटा वाजवायची आणि गट पुढे सरकवायचे. कोणी ताटकळत नाही, कोणी कंटाळत नाही. मालक खूश झाले. तक्ता भिंतीवर लागला.

पहिल्या महिन्यानंतर मी गटाच्या बैठकीला गेले. तिथे एक वयस्कर बाई आहेत. त्यांचे नाव मी सांगत नाही, आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणतो. त्या जात्यावर बसायच्या. मी विचारले, "आक्का, कसं चाललंय?" त्या म्हणाल्या, "ताई, तू घंटा वाजवलीस की पाहुणा उठतो. मी कव्हा उठायचं?"

मला क्षणभर कळलेच नाही. मग कळले. गट फिरत होते, आक्का फिरत नव्हत्या. पाहुण्याला दर चाळीस मिनिटांनी नवे काही मिळत होते. आक्का चार गटांना तेच सांगत, तीच ओवी म्हणत, सलग दोन तास चाळीस मिनिटे जात्यापाशी मांडी घालून बसत होत्या. पाणी प्यायला नाही, लघवीला नाही. एका गटाचे उरकायच्या आत दुसरा दारात. मी चाळीस पाहुण्यांच्या कंटाळ्याचा विचार केला होता. एका बाईच्या गुडघ्यांचा केला नव्हता.

त्या पुढे म्हणाल्या, "गिरणी आली तेव्हा जातं माळ्यावर टाकलं. वाटलं, सुटले. आता पाहुण्यासाठी परत खाली काढलं." आणि हसल्या. तक्रार म्हणून त्या हे बोलल्या नव्हत्या, पण मला रात्री झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही एक काम केले. तुम्हीही आपापल्या गटात करून बघा. जमिनीवर खडूने शनिवार काढला. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एका तासाला एक घर. ज्या तासाला केंद्राचे काम, तिथे चिंचोका. ज्या तासाला घरचे काम, तिथे खडा. आक्कांच्या शनिवारी काय निघाले? सकाळी ७ ला घरून निघायचे. सरपण, पाणी, चूल पोतेरणे, जाते पुसणे, धान्य निवडणे. ११.३० ला कार्यक्रम. नंतर भांडी, वाढणे, आवरणे, ४ वाजेपर्यंत. पुन्हा संध्याकाळी ७.३० ला शेकोटीसाठी हजर, ते १०.३० पर्यंत. बारा चिंचोके. आणि पैसे कशाचे? जात्याच्या एका कार्यक्रमाचे आणि गाण्याच्या एका कार्यक्रमाचे. तयारी, थांबणे, आवरणे हे 'कार्यक्रमात' येत नाही. ते बायकांचे असतेच, नाही का? घरी जसे असते तसे.

आणि खडे? ते चिंचोक्यांच्या आधी होते, मधल्या वेळेत होते आणि नंतरही होते. घरचे काम कोणी उचलले नव्हते, ते फक्त पहाटे चारवर सरकले होते. सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर पाहणीत हे दिसते. घरातले बिनमोल काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते. जे पुरुष असे काम करतात, ते ९७ मिनिटे घालवतात. आणि मुळात असे काम करणारे पुरुषच थोडे, शंभरात सव्वीस. बायका शंभरात एक्क्याऐंशी. म्हणजे पाहुण्यांचे वेळापत्रक कोऱ्या कागदावर लिहिले जात नाही. बाईच्या पाच तास आधीच भरलेल्या दिवसावर ते लिहिले जाते.

दुसरी गोष्ट पंचांगाची. शहरातला पाहुणा शनिवार-रविवारी येतो. पाऊस शनिवार-रविवार बघून येत नाही. काजव्यांचे दिवस म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याच्या तयारीचे दिवस. सरपण आत भरायचे, गोवऱ्या झाकायच्या, घर शाकारायचे, बियाणे काढायचे. नेमके तेव्हाच केंद्रात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चहा आणि जेवण. भातलावणीचे तर आणखी अवघड. भाताचे रोप साधारण तीन-चार आठवड्यांचे झाले की लावावे लागते. उशीर झाला की रोप निबर होते, फुटवे कमी येतात, उतारा घटतो. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. दहा जणींची साखळी असते. त्यातल्या चौघी शनिवारी केंद्राच्या खाचरात पाहुण्यांना लावणी शिकवायला गेल्या, तर साखळी तुटते. गेल्या वर्षीच्या आधीच्या जुलैत हेच झाले. बुधवारी पाऊस धरला. वस्तीतली खाचरे शुक्रवार-शनिवारी लावायची होती. केंद्रात चाळीस जणांची नोंदणी. बायका केंद्रात गेल्या, कारण "नाही म्हटलं तर पुढं बोलावणार नाहीत." एका विधवा बाईचे खाचर आठ दिवस लांबले. तिच्या घरी त्या वर्षी भात कमी आला. पाहुण्यांनी मात्र चिखलात फोटो काढले आणि सांगितले की शेतकऱ्याचे कष्ट काय असतात ते आज समजले.

मी पाहुण्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर ती बाई नव्हतीच. आणि तो कागद माझा होता.

तिसरी गोष्ट रात्रीची. कागदावर काय लिहिले आहे ते पुन्हा बघा. "८ पासून शेकोटी व लोकगीते." पासून. कधीपर्यंत, ते नाही. जेवणाला संपण्याची वेळ आहे, बैलगाडीला आहे, कारण बैल थकतात. शेकोटीला नाही. एका शनिवारी काही पाहुणे प्यालेले होते. गाणे झाले, पुन्हा म्हणा झाले, मग नाचा झाले. एकाने एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात धरून तिला रिंगणात ओढले. ती हात सोडवून निघून गेली. अंधारात, एकटी, दीड किलोमीटर. मालकांचे म्हणणे, "पाहुणा आहे, नाराज करून कसं चालेल? त्याच्या मनात काही नव्हतं." त्या मुलीने कामावर जाणे बंद केले. घरच्यांनी तिलाच बोल लावला.

इथे मला कायद्याचे थोडे सांगायचे आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटते की तो कायदा कचेऱ्यांसाठी आहे. विशाखा निकाल १९९७ चा. त्यानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात रोजंदारीवरची, तात्पुरती, कोणा मध्यस्थामार्फत आलेली बाईही येते. असंघटित क्षेत्र येते. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणे समितीचे काम आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी संबंध येतो अशा लोकांपासूनही बाईला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. पाहुणा त्यात येतो. 'पाहुणा आहे' हे उत्तर होऊ शकत नाही.

पण तक्रार झाल्यावर काय, याच्या आधी एक साधी गोष्ट आहे. शेकोटी ९.३० ला संपेल असे कागदावर लिहिलेले असते, तर ती मुलगी साडेनऊला "वेळ झाली" म्हणून उठू शकली असती. वेळ लिहिलेली नसली की उठणे हा बाईचा उद्धटपणा ठरतो.

चौथी गोष्ट नावाची. केंद्रात गड दाखवणारा मुलगा असतो, त्याला 'गाईड' म्हणतात. त्याला माणशी पैसे. रानात फिरून पंधरा भाज्या ओळखून दाखवणाऱ्या, कोणती उकडून पाणी टाकायची आणि कोणती तशीच खायची हे सांगणाऱ्या बाईला 'मावशी' म्हणतात. तिला अर्ध्या दिवसाची हजेरी. शिकवतात दोघेही. पण एकाचे ज्ञान आणि दुसरीची माया, असा हिशेब होतो.

हे आजचे नाही. वारली चित्रांचे उदाहरण तुमच्यासमोर आहे. लग्नघरी भिंतीवर चौक लिहिणे हे परंपरेने सुवासिनींचे काम. गेरूवर तांदळाच्या पिठाने त्या पालघट देवीचा चौक लिहीत. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, बाजारात आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या मोठ्या कलावंताने ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. पण भिंतीवर होती तोवर बायकांची असलेली कला किंमत आल्यावर बहुतांशी पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, हेही खरे. म्हणून भाकरीला, ओवीला, रानभाजीला आज किंमत येते आहे, तेव्हा आपण जागे राहायला हवे.

मग हे काम नकोच का? मी बायकांना हेच विचारले. त्या माझ्यावर चिडल्या. एक म्हणाली, "ताई, तुमचा पगार महिन्याला येतो. आमच्या खात्यात पहिल्यांदा आमच्या नावाचे पैसे पडलेत." दुसरी म्हणाली, "मुंबईची डॉक्टरीणबाई वही काढून माझं लिहून घेत होती. माझं बोलणं घरात कोणी ऐकत नाय." काम हवे आहे, मैत्रिणींनो. ते कोणाच्या घड्याळावर चालायचे, एवढाच वाद आहे.

आणि ते वेगळ्या तऱ्हेने चालू शकते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, माहिती त्याच देतात. तिथे बाई दुसऱ्याच्या तक्त्यातली एक ओळ नाही, सफर तिचीच आहे. राज्याने २०२३ मध्ये 'आई' नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. त्यात बाईने स्वतः पर्यटन व्यवसाय काढला तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. त्याची माहिती आपण गटांना द्यायलाच हवी. पण सगळ्या जणी मालकीण होणार नाहीत. ज्या दुसऱ्याच्या केंद्रात जातात, त्यांच्यासाठी आपल्यालाच नियम घडवावे लागतील.

आम्ही काय केले ते सांगते. तक्ता भिंतीवरून उतरवला. एक साधी वही केली. ती गटाकडे राहते, केंद्राच्या टेबलावर नाही. लिहिणारी दर महिन्याला बदलते. पाहुण्यांची नोंदणी आली की मालक वहीवालीला फोन करतात, आणि कोण जाणार ते गट ठरवतो. वहीत सात गोष्टी ठरल्या.

एक, वर्षाच्या सुरुवातीला कालनिर्णयवर आधी आमचे दिवस कुंकवाने खुणावायचे. लावणी, कापणी, सण, आठवडी बाजार, गटाची बैठक. उरलेले दिवस पाहुण्यांचे. लावणीच्या पंधरवड्यात केंद्राने लावणीचा अनुभव वस्तीच्या सावडीला धरून ठेवायचा, उलटे नाही.

दोन, वेळ घरून निघाल्यापासून मोजायची.

तीन, दोन गटांनंतर वीस मिनिटे सुट्टी, आणि जात्यावर दोघी आळीपाळीने.

चार, एका वेळी चुलीशी सहापेक्षा जास्त पाहुणे नाहीत. भाजल्याचे प्रकार गर्दीत होतात.

पाच, शेकोटी ९.३० ला संपणार. एकटी बाई जाणार नाही, आणि परत सोडायला केंद्राची गाडी.

सहा, शिकवणाऱ्या बाईला प्रशिक्षक म्हणायचे आणि गाईडच्या दराने पैसे द्यायचे.

सात, शुक्रवारी दुपारनंतर पाहुण्यांनी रद्द केले तर निम्मे पैसे. कारण तोवर पीठ दळलेले असते आणि दुसरीकडची मजुरी सोडलेली असते.

सगळे मिळाले असे मी सांगणार नाही. वेळेची मोजणी, सुट्टी, चुलीशी सहाच पाहुणे, शेकोटीची वेळ आणि गाडी हे मालकांनी महिनाभरात मान्य केले. गाईडचा दर म्हणताच त्यांनी शेजारच्या वस्तीतून जुन्या दराने बायका आणल्या. पाच आठवडे आमच्या बायकांना काम नव्हते. बैठकीला माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हते. दोघी गुपचूप जाऊन आल्या. त्यांना बोलायची मला हिंमत झाली नाही, कारण त्यांच्या घरचे मला माहीत होते.

शेवटी आक्काच म्हणाल्या, "त्या बाया काय परक्या हायेत? माझी भाची तिथंच दिलीय." आम्ही त्या वस्तीत गेलो. वही नेली, खडू नेला, चिंचोके नेले. त्यांनीही आपला शनिवार काढला. त्यांचे चौदा चिंचोके निघाले. तीन बैठका लागल्या. आता तीन वस्त्यांची एकच वही आहे आणि एकच दर. तो गाईडच्या दराच्या बरोबरीचा अजून नाही, पण पूर्वीच्या दीडपट आहे. रद्द झाल्याचे निम्मे पैसे अजून मिळत नाहीत, त्यावर बोलणी चालू आहेत. लावणीचा पंधरवडा मात्र गेल्या वर्षी पाळला गेला. ती हात सोडवून गेलेली मुलगी परत आली. ती आता वही लिहिते. तक्रार मात्र आम्ही वेळेत केली नाही, कारण स्थानिक समितीचे आम्हालाच उशिरा कळले. याची जबाबदारी माझी आहे, आणि तुमच्या भागात असे होऊ नये म्हणून इतके सविस्तर सांगितले.

तुमच्यापैकी कोणी कोकणात काम करते, कोणी महाबळेश्वरकडे, कोणी ताडोब्याच्या बाजूला. सगळीकडे ही केंद्रे आहेत. एक विनंती आहे. परत गेल्यावर जवळच्या एका केंद्राचा कार्यक्रमाचा कागद मिळवा. बायकांसोबत बसून तो मोठ्याने वाचा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न लिहा. हे कोण करते? ती किती वाजता सुरू करते? ती किती वाजता उठते? उत्तरे पुढच्या शिबिराला घेऊन या. वेगवेगळ्या तालुक्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर दराची आणि वेळेची मागणी आपल्याला एकत्र करता येईल.

आक्का आता जात्यावर दोन गटांनंतर उठतात. वीस मिनिटे ओट्यावर पाय पसरून बसतात. मागच्या महिन्यात एका पाहुणीने विचारले, "आजी, आता काय कार्यक्रम आहे?" आक्का म्हणाल्या, "आता माझी सुट्टी आहे. वहीत लिवलंय."